पगारवाढ हातात नसताना शिफ्टमधली माणसे कामाशी कशी जोडावीत?

तुमच्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. चाकणमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा महिन्यांपूर्वी तुमची मशिनिंग लाइनवर शिफ्ट इन्चार्ज म्हणून नेमणूक झाली. हाताखाली तीस-पस्तीस माणसे आहेत. त्यांतली पाच-सहा कायम, बाकीची कंत्राटी किंवा शिकाऊ. रिजेक्शन (तपासणीत नापास होणारे पार्ट) वाढते आहे, सुट्टीनंतरच्या दिवशी हजेरी पडते, वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले ऑपरेटर समोर ‘हो साहेब’ म्हणतात आणि पाठ वळताच स्वतःच्या पद्धतीने काम करतात. व्यवस्थापनाने बाहेरचा वक्ता बोलावून प्रेरणेवर व्याख्यान ठेवले. ते सर्वांना आवडले, पण लाइनवर काही बदलले नाही. पगार, बोनस, कायम करणे यांपैकी काहीही तुमच्या अखत्यारीत नाही. अशा स्थितीत या माणसांना कामात रस वाटावा म्हणून तुम्ही काय करू शकता, असे तुम्ही विचारले आहे.

भोसरी-पिंपरी-चाकण पट्ट्यात उत्पादन विभागातच माझे आयुष्य गेले आहे आणि अनेक शिफ्ट इन्चार्ज माझ्यासोबत काम करत तयार झाले आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे, की लाइनवरच्या माणसाने एखादी अडचण सांगितल्यापासून तिला उत्तर मिळेपर्यंत जो काळ जातो, त्यावर त्या माणसाचा कामातला जीव टिकतो किंवा जातो. उत्तर होकारार्थीच असले पाहिजे असे नाही. कारण सांगून दिलेला नकार माणूस पचवतो. दोनदा सांगूनही काहीच कानावर आले नाही, तर मात्र तो तिसऱ्यांदा सांगायला येत नाही, आणि सांगणे थांबले की हळूहळू लक्ष देणेही थांबते. मग मशीनचा आवाज बदललेला त्याला ऐकू येतो, पण तो आपला विषय नाही असे त्याने मनाशी ठरवलेले असते. ‘या मुलांना कामात रसच नाही’ अशी तक्रार मी ज्या ज्या लाइनवर ऐकली, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मुळाशी हेच सापडले. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही, की उत्तर देण्यासाठी तुम्हाला कोणाची मंजुरी लागत नाही.

एक उदाहरण तपशिलाने सांगतो. एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बोअर (गोल भोक) करणाऱ्या व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखाली धातू कापणाऱ्या मशीनवर, रिजेक्शन येत होते. बोअरचे सेंटर सरकलेले असे, पण प्रत्येक पार्टमध्ये नाही. बराच वेळ चांगले पार्ट निघत आणि मध्येच एखादा खराब निघे. क्वालिटीच्या अहवालात मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरने पार्ट नीट बसवला नाही’ असे लिहिलेले होते आणि उपाययोजनेच्या रकान्यात ‘ऑपरेटरला समज दिली, पुन्हा प्रशिक्षण दिले’ असे. आधीच्या अहवालांतही हीच वाक्ये होती. मशीनवरचा मुलगा लातूर जिल्ह्यातला, आयटीआय झालेला, कंत्राटावर घेतलेला. नव्या शिफ्ट इन्चार्जने त्याच्या शेजारी उभे राहून काही वेळ नुसते पाहिले, तेव्हा तो प्रत्येक पार्ट बसवताना डाव्या अंगठ्याने एका कोपऱ्यावर दाब देतो आणि तो दाब तसाच ठेवून क्लॅम्प आवळतो, हे त्याच्या लक्षात आले. फिक्स्चरमधली, म्हणजे पार्ट पकडून ठेवणाऱ्या साच्यातली, पार्टची जागा पक्की करणारी एक लोकेटिंग पिन झिजलेली होती. अंगठ्याचा दाब बरोबर पडला की पार्ट जागेवर बसे. शिफ्टच्या शेवटी हात थकला की सरके. त्या मुलाने ही गोष्ट आधीच्या इन्चार्जला दोनदा आणि मेंटेनन्सच्या माणसाला एकदा सांगितलेली होती. दोघेही ‘बघतो’ म्हणाले होते. ज्या दोषाबद्दल त्याला समज दिली जात होती, तो टाळण्यासाठीच तो आठ तास अंगठा दुखवून घेत होता.

इन्चार्जने टूल रूममधल्या फिटरला मशीनवरच आणले, त्या मुलासमोर पिन बदलून घेतली, पाच पार्ट काढले आणि गेज (माप तपासण्याचे साधन) त्याच्याच हातात देऊन ते तपासायला लावले. त्यानंतर क्वालिटीशी बोलून अहवालातले मूळ कारण दुरुस्त करून घेतले : ‘लोकेटिंग पिन झिजलेली, ऑपरेटरने निदर्शनास आणले.’ पिनची किंमत काहीशे रुपये होती. अहवालातल्या दुरुस्तीला मी पिनेइतकेच महत्त्व देतो, कारण तोपर्यंत कागदावर दोषी तो मुलगा होता. पुढच्या काही दिवसांत त्याने आपणहून आणखी दोन गोष्टी सांगितल्या. कूलंटचा (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) नोझल धातूच्या चिप्सनी भरतो म्हणून मशीन वारंवार थांबवावे लागते, आणि बर (पार्टच्या कडेला उरलेली धातूची धारदार कुसळे) काढण्याच्या टेबलावर उजेड कमी असल्यामुळे रात्रपाळीत बारीक बर नजरेतून सुटतो. या दोन्ही गोष्टी त्याला कित्येक महिन्यांपासून माहीत होत्या.

तुमच्या लाइनवर सुरुवात करायची तर पहिला आठवडा फक्त पाहण्यात आणि विचारण्यात घालवा. शिफ्टच्या सुरुवातीला सर्वांना गोळा करून ‘काही अडचण आहे का?’ असे विचारू नका. तीस जणांसमोर त्याचे खरे उत्तर कोणी देत नाही. एकेका मशीनवर जा, मशीन चालू असेपर्यंत थांबा, आणि ‘इथे रोज तुम्हाला कोणती गोष्ट आडवी येते?’ असा नेमका प्रश्न विचारा. जी माणसे बिहार, झारखंड किंवा ओडिशातून आली आहेत त्यांच्याशी हिंदीत बोला. मराठी कळत नाही म्हणून मान डोलावणारा माणूस सूचना समजली म्हणून डोलावतो आहे असे धरून चालणे धोक्याचे असते. मिळालेली उत्तरे खिशातल्या वहीत लिहा आणि लिहिताना ती समोरच्याला दिसू द्या.

दुसऱ्या आठवड्यात लाइनच्या टोकाला एक पांढरा फळा लावा. तारीख, कोणी सांगितले, काय सांगितले, कोण करणार आणि उत्तर, एवढे रकाने पुरेत. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचे पूर्ण नाव लिहा, मग तो कंत्राटी असो वा शिकाऊ. बऱ्याच कारखान्यांत कंत्राटी माणसाला त्याच्या कंत्राटदाराच्या नावाने हाक मारली जाते; ही सवय तुमच्या शिफ्टमधून पहिल्या दिवशीच बंद झाली पाहिजे. फळ्याचा नियम एकच ठेवा : सांगणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येईल तोपर्यंत शेवटच्या रकान्यात काहीतरी ठोस लिहिलेले असेल. ‘पिन टूल रूममध्ये शिल्लक नाही, बाहेरून करून आणायची आहे, चार दिवस लागतील, तोपर्यंत दर दहाव्या पार्टला गेज लावा’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘नवीन कन्व्हेअर या आर्थिक वर्षात मंजूर नाही, पुढच्या बजेटसाठी मागणी दिली आहे’ हेही पूर्ण उत्तर आहे. पंखा, पिण्याचे पाणी, उजेड, हातमोजे, बसायचे स्टूल अशा छोट्या गोष्टी आधी मार्गी लावा, कारण तांत्रिक अडचणी सोडवायला वेळ लागतो आणि तेवढ्या काळात माणसांना तुमच्या शब्दाचा अनुभव यायला हवा. फळ्यावर उत्तर न दिलेल्या गोष्टी साचू लागल्या, तर नवीन लिहिणे थांबवून आधीच्या निकाली काढा. दोन महिने जुन्या, कोऱ्या रकान्यांचा फळा भिंतीवर टांगलेला असण्यापेक्षा फळा नसलेला बरा.

तुमच्याकडे बहुधा अँडनचे, म्हणजे लाइनवर अडचण आल्याची खूण देणारे, दिवे बसवलेले असतील. टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराने दोरी ओढली की दिवा लागतो आणि टीम लीडर तिथे येतो. गाडी ठरावीक खुणेपर्यंत सरकण्याआधी अडचण सुटली तर लाइन थांबत नाही, न सुटल्यास थांबते. या पद्धतीचा प्राण दोरी ओढल्यावर येणाऱ्या माणसात आहे, आणि तो येऊ शकतो कारण त्याच्याकडे मोजकीच माणसे सोपवलेली असतात. आपल्याकडे दिवे आले, डिस्प्ले आले, परंतु पस्तीस माणसांमागे एक इन्चार्ज आणि तोही अर्धा वेळ मीटिंगमध्ये, ही रचना तशीच राहिली. म्हणून तुम्ही स्वतः प्रत्येक दिव्यापाशी धावण्याचा प्रयत्न करू नका. लाइनचे तीन भाग करा, प्रत्येक भागात ज्याच्याकडे बाकीचे आपणहून विचारायला जातात असा एक माणूस शोधा (असा माणूस प्रत्येक लाइनवर असतोच, पदनाम काहीही असो), आणि प्लँट हेडच्या संमतीने त्याच्या कामाचा थोडा भार कमी करून पहिली हाक ऐकण्याचे काम त्याला द्या. त्याला जे सुटत नाही तेवढेच तुमच्यापर्यंत यावे.

एका गोष्टीची पूर्वसूचना तुमच्या वरिष्ठांना आधीच द्या. हे सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत नोंदलेल्या तक्रारी आणि किरकोळ दोष वाढलेले दिसतील. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला होता. ज्या विभागांत प्रमुख चांगला आणि माणसांचे आपसांत जमते तिथे चुका कमी असतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या विभागांत नोंदलेल्या चुका अधिक होत्या, कारण तिथली माणसे चूक झाली तर ती बोलून दाखवत होती. तुमच्या लाइनवरही सुरुवातीला असेच घडेल, आणि महिन्याच्या आढावा बैठकीत वाढलेला आकडा पाहून कोणी ‘ही कसली सुधारणा?’ असे विचारले तर उत्तर तयार हवे. ग्राहकाकडून परत येणारे पार्ट आणि लाइनवरच पकडलेले दोष या दोन आकड्यांचे आलेख वेगवेगळे ठेवा. दुसरा वाढत असताना पहिला कमी होऊ लागला, तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.

आता पैशाविषयी. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात तुम्हाला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा सिद्धान्त शिकवला गेला असेल : पगार आणि सोयी कमी पडल्या तर माणूस असमाधानी होतो, पण त्या दिल्याने तो उत्साही होतोच असे नाही, उत्साह येतो तो काम, जबाबदारी आणि कौतुक यांमधून. १९५९ साली मांडलेल्या या विचाराचा आधार पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट यांच्या मुलाखती हा होता. महिन्याचे खोलीभाडे, मेस आणि गावी पाठवायचे पैसे यांचा हिशेब जेमतेम बसवणाऱ्या, कंत्राट कधी संपेल हे माहीत नसलेल्या मुलाला तो जसाच्या तसा लावणे मला मान्य नाही. ‘पैशाने मोटिव्हेशन येत नाही’ हे वाक्य तुम्ही शॉप फ्लोअरवर कधीही उच्चारू नका. पगार कमी आहे हे त्याला माहीत असते आणि तुम्हालाही. ते प्रामाणिकपणे मान्य करणाऱ्या इन्चार्जचे बाकीचे बोलणे तो ऐकून घेतो.

पगार तुमच्या हातात नसला तरी पैशाशी जोडलेल्या काही गोष्टी तुमच्या हातात असतात, आणि माणसांचे बारीक लक्ष नेमके तिथेच असते. ओव्हरटाइम कोणाला मिळतो, ही त्यांतली पहिली. त्याला नेहमीच्या दराच्या दुप्पट मजुरी देणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे ज्याला आठवड्यातून दोनदा ओटी मिळते त्याचा महिना आणि ज्याला मिळत नाही त्याचा महिना यांत मोठा फरक पडतो. मर्जीतल्या माणसांना ओटी दिली जाते अशी कुजबुज सुरू झाली की तुमच्या सगळ्या चांगल्या कामावर पाणी फिरते. ओटीचा तक्ता पाळीपाळीने बनवा, तो उघड लावा आणि ज्याची पाळी चुकवावी लागली त्याला कारण सांगा. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेल्या मुलांना मात्र त्यात धरू नका. ॲप्रेंटिसशिप ॲडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्यांना जादा वेळ थांबवता येत नाही, आणि ती मंजुरीही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताच्या कारणासाठीच मिळते. कंत्राटी माणसाची मजुरी कमी आली, पीएफची रक्कम खात्यात दिसत नाही अशी तक्रार आली, तर ‘ते तुमच्या कंत्राटदाराला विचारा’ असे म्हणून विषय संपवू नका. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येते, हे कंत्राटी कामगार कायद्याने १९७० सालीच स्पष्ट केले. तक्रार लेखी घेऊन एचआरकडे द्या, तिची पोच घ्या आणि एचआरने काय सांगितले ते त्या माणसाला त्याच आठवड्यात येऊन सांगा. पैसे मिळवून देणे तुमच्या हातात नसेल. निरोप परत आणणे नक्कीच आहे.

सुट्टीनंतरच्या दिवशी पडणाऱ्या हजेरीचेही मूळ बहुधा आळसात नसते. या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. नांदेड, बुलढाणा किंवा बीडकडचा मुलगा बुधवारी रात्री एसटीने निघाला तर गुरुवारी घरी पोचतो आणि शुक्रवारच्या पहिल्या पाळीला परत येणे त्याला अशक्य असते. रजा मागितली तर मिळणार नाही असा अनुभव असल्यामुळे तो न सांगता जातो. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला विचारून एक तक्ता बनवा : कोणाच्या गावची जत्रा चैत्रात आहे, कोण आषाढीला वारीत चालतो, कोणाच्या घरी पोळ्याला बैलजोडी सजते, कोणाला छठपूजेसाठी बिहारला जायचे आहे, कोणाची पेरणी आणि कोणाची सोयाबीनची काढणी. सर्वांच्या तारखा एकाच वेळी येत नाहीत, आणि हीच या मिश्र लाइनची मोठी सोय आहे. छठला जाणाऱ्याची पाळी पोळ्याला घरी जाऊन आलेला माणूस आनंदाने सांभाळतो, फक्त हे महिनाभर आधी ठरलेले असावे लागते. ज्या लाइनवर असा तक्ता प्रामाणिकपणे पाळला गेला तिथे न सांगता राहण्याचे प्रमाण कमी झालेले मी पाहिले आहे.

अनुभवी ऑपरेटर तुमचे ऐकत नाहीत, याविषयी तुम्ही बरेच लिहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. अनुभवी माणसे सैन्यात गेली आणि नवख्यांच्या बळावर कारखाने चालवायचे होते, म्हणून सुपरवायझरला नव्या माणसांना काम शिकवणे, कामाची पद्धत सुधारणे आणि माणसांशी वागणे या तीन गोष्टींचे प्रशिक्षण दिले गेले. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाच्या पद्धतीत मुरला. माणसांशी वागण्याच्या भागात चारच सूत्रे होती : प्रत्येकाला त्याचे काम कसे चालले आहे ते कळू द्या, चांगल्या कामाचे श्रेय वेळेवर द्या, ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार आहे तो त्याला आधी सांगा, आणि प्रत्येकाच्या क्षमतेचा पुरेपूर उपयोग करा. यांतले तिसरे सूत्र आपल्याकडे सर्वांत जास्त मोडले जाते. मशीनची सायकल टाइम (एका पार्टला लागणारा वेळ) कमी झाली, टार्गेट वाढले, माणूस दुसऱ्या लाइनवर हलवला, हे सगळे त्याला शिफ्ट सुरू झाल्यावर फलकावरून कळते. वीस वर्षे त्या मशीनवर काढलेल्या माणसाला असे कळणे हा अपमान वाटतो, आणि त्याचे ‘हो साहेब’ तिथून सुरू होते.

अशा माणसाच्या स्वतःच्या पद्धतीमागे पुष्कळदा एखादे जुने, खरे कारण असते. त्याच्या मशीनवरची वर्क इन्स्ट्रक्शन (कामाची लेखी सूचना) त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘काका, यात जे तुम्ही करत नाही ते मला दाखवा आणि का करत नाही ते सांगा.’ काही ठिकाणी कागद चुकीचा असल्याचे निघेल. तिथे कागद बदला आणि सुधारित प्रतीवर त्याचे नाव घाला. काही ठिकाणी त्याची पद्धत खरोखर धोक्याची असेल, उदाहरणार्थ दार उघडे असताना मशीन चालू न देणारा डोअरचा इंटरलॉक बायपास केलेला असेल. तिथे कोणतीही तडजोड नको, पण बोलणे एकांतात आणि अहो-जाहोच्या भाषेत व्हावे. उरलेल्या ठिकाणी दोन्ही पद्धतींनी पार्ट चांगला निघत असेल, तर तो वाद तुम्ही सोडून द्यावा असे माझे मत आहे. नव्या मुलांना शिकवण्याचे काम अशाच माणसाकडे द्या आणि त्यासाठी त्याचे त्या दिवसाचे टार्गेट कमी करा. टार्गेट तेवढेच ठेवून वर शिकवायला सांगितले, तर तो ते अंगावरचे ओझे समजतो आणि शिकणाऱ्या मुलालाही ते जाणवते.

माणसांना थोडा अधिकार देण्याविषयी आपल्याच देशातला एक प्रयोग तुम्हाला उपयोगी पडेल. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या एका शेडची रचना पाहिली. २२४ मागांसाठी कामाची १२ वेगवेगळी नावे होती : विणकर, बॅटरी (मागावरचा सुताच्या कांड्यांचा साठा) भरणारा, जॉबर, तेल घालणारा, झाडणारा इत्यादी. मागांची विभागणी प्रत्येक प्रकारच्या कामगारासाठी वेगळी असल्यामुळे एकाच मागावर निरनिराळ्या वेळी निरनिराळी माणसे येत, आणि तो माग नीट चालण्याची जबाबदारी नेमकी कोणत्या गटाची हे सांगता येत नसे. ठरावीक मागांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी ही कल्पना मांडली गेली, तेव्हा कामगारांनी आणि सुपरवायझरांनी ती उचलून धरली आणि गट स्वतःच जमवले. सुरुवातीच्या चढउतारानंतर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. पुढे बऱ्याच वर्षांनी त्या मिलमध्ये पुन्हा अभ्यास झाला तेव्हा एका शेडमध्ये गटपद्धत टिकलेली होती, तर इतरत्र ती ढासळली होती. या प्रयोगाचा हा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. बाहेरचा दाब आणि कामाची परिस्थिती बदलत गेली की गटाला दिलेली मोकळीक हळूहळू परत घेतली जाते, आणि ती परत घेतल्याचे कोणी जाहीरही करत नाही.

तुमच्या मर्यादेत याचा उपयोग असा करता येईल. एकामागून एक लागणाऱ्या चार-पाच मशीन आणि त्यांवरची माणसे यांचा एक गट माना. कोणी कोणत्या मशीनवर कधी उभे राहायचे, चहाला कोणी आधी जायचे, टूल कधी बदलायचे हे गटाने ठरवू द्या. रिजेक्शनचा आकडा व्यक्तीच्या नावाने न लावता गटाच्या नावाने लावा आणि तो गटाला दर दोन तासांनी दिसू द्या. एकदा दिलेला अधिकार डिस्पॅचच्या घाईत परत घ्यावा लागला, तर गटासमोर उभे राहून सांगा की आजच्यापुरता तो मी घेत आहे, उद्या पहिल्या पाळीपासून तो पुन्हा तुमचा. आणि उद्या तो खरोखर परत द्या.

प्लँट हेडकडून तुम्हाला दोनच गोष्टी मागून घ्यायच्या आहेत. टूल रूम आणि मेंटेनन्स यांनी तुमच्या फळ्यावरच्या गोष्टींना एका दिवसात किमान उत्तर द्यावे, ही पहिली. त्यांनीच उत्तर दिले नाही तर तुम्ही लाइनवर काय सांगणार? क्वालिटीच्या अहवालात ‘ऑपरेटरला समज दिली’ हा उपाय म्हणून एकटा स्वीकारला जाऊ नये, ही दुसरी. प्रत्येक वेळी फिक्स्चर, टूल, गेज, उजेड आणि कामाची सूचना तपासल्याची नोंद असल्याशिवाय मूळ कारण मानवी चूक म्हणून बंद करता येणार नाही असा नियम झाला, तर तुमचे निम्मे काम झाले. या मागण्या घेऊन जाताना लातूरच्या मुलाच्या पिनेसारखे तुमच्या लाइनवरचे एक उदाहरण, पार्टच्या फोटोसह, बरोबर न्या.

शेवटी ज्या प्रश्नाला तुम्हाला नकार द्यावा लागणार आहे, त्याविषयी. काम चांगले करणारा कंत्राटी मुलगा एक दिवस तुम्हाला बाजूला घेऊन विचारेल, ‘सर, मला परमनंट करतील का?’ त्याला धीर देण्याच्या इच्छेने ‘काम करत राहा, होईल काहीतरी’ असे म्हणू नका. त्या एका वाक्यावर माणसे तीन-चार वर्षे काढतात, लग्न ठरवतात, गावाकडची जमीन वाट्याने देतात. ठाऊक असेल तेवढे स्पष्ट सांगा : गेल्या काही वर्षांत या लाइनवरून किती जणांना कायम केले, त्यासाठी कोणते शिक्षण आणि कोणती परीक्षा लागली, आणि सध्या जागा नाहीत तर नाहीत. त्याचबरोबर तुमच्या हातात असलेले त्याला द्या. स्किल मॅट्रिक्समध्ये (कोणाला कोणते काम येते याच्या तक्त्यात) त्याचे नाव केवळ ‘हेल्पर’ म्हणून न ठेवता तो जी मशीन स्वतंत्रपणे चालवतो त्या प्रत्येकासमोर खूण करा. सेटिंग, ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देणे, ड्रॉइंग वाचणे, मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापरणे यांतले जे त्याला येत नाही ते शिकवण्यासाठी आठवड्यातून ठरलेला एक तास ठेवा. डिप्लोमा किंवा ॲप्रेंटिसशिपच्या परीक्षेच्या तारखांना त्याची रजा आधीच तक्त्यात घाला. कंत्राट संपून तो जायला निघेल तेव्हा नुसता ‘अमुक ते अमुक काळ काम केले’ असा दाखला त्याच्या हातात पडू नये. कोणत्या मेकची कोणती मशीन, कोणता कंट्रोलर, कोणते पार्ट आणि कोणती मापनसाधने तो हाताळत होता, हे लिहिलेला अनुभवाचा दाखला एचआरकडून मिळवून द्या. त्याचा मसुदा तुम्हीच करून द्यावा लागेल, कारण त्या मशीनवर तो काय करत होता हे एचआरला माहीत नसते.